माल्ट एक्स्ट्रॅक्टची (मोड आलेल्या जवाच्या अर्काची) आयपीए बिअर कडू होते, पण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास का येत नाही?

भावा, मेलबर्नला घरी बिअर करतोयस तोवर ठीक. सुट्टीला आल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीत करायचं म्हणतोस, ते मात्र राहू दे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार विनापरवाना बिअर बनवणं गुन्हा आहे.

आता वासाचं. सगळे हॉप्स तू तासभर उकळतोयस, तिथंच घोळ आहे. उकळल्यावर हॉप्समधली अल्फा आम्लं बदलून कडवटपणा येतो, पण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. आपण फोडणीची आणि वरून घालायची कोथिंबीर वेगळी ठेवतो ना, तसंच. सुरुवातीला थोडेच घाल. बाकीचे गॅस बंद करून द्रव 80 अंशांपर्यंत उतरल्यावर वीस मिनिटं, आणि उरलेले आंबणं संपत आल्यावर दोन-तीन दिवस थंडच भिजव. त्यानंतर हवा लागू द्यायची नाही, ऑक्सिजननं वास लगेच मरतो.

20 लिटरला फिक्या रंगाची 3 किलो सुकी एक्स्ट्रॅक्ट पावडर पुरते. निम्मी उकळण्याच्या शेवटी घाल, रंग गडद होत नाही. एल यीस्टला (आयपीएसारखी बिअर आंबवणाऱ्या यीस्टला) 18 ते 20 अंश लागतात. आपल्या एप्रिलच्या उकाड्यात नुसती फ्युझेल अल्कोहोलं होतील, म्हणजे उग्र चवीची जड अल्कोहोलं.