रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

"ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग मी काय नाटक करतोय का?" रावेर तालुक्यातल्या केळीच्या एका शेतकऱ्याने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे कितीतरी जण हेच विचारतात.

वर्षभर पोटात कळ, घराबाहेर पडायचं म्हटलं की दोन-तीनदा शौचाला. दुर्बिणीच्या तपासणीतही काही निघालं नाही. डॉक्टरांनी आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत दोष न दिसताही आतड्याचं काम बिघडणं) निदान केलं आणि माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, "मनाचेच खेळ आहेत."

तसं नाही, दुखणं खरंच असतं. आतड्याच्या भिंतीत 10 कोटींहून जास्त चेतापेशी आहेत आणि व्हेगस नावाच्या नसेतून त्यांचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. मेंदूला धोका जाणवला की ताणाची संप्रेरकं सुटतात. जठराचं काम मंदावतं, मोठं आतडं मात्र जोरात आकुंचन पावतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे साध्या वायूचा ताणही कळ बनतो. मग कळेचीच धास्ती बसते आणि ताण आणखी वाढतो. यातलं काहीही सोनोग्राफीत दिसत नाही.

दादांनी भरीत, शेवभाजी, मिरची सगळं बंद केलं होतं. फरक शून्य. वहिनी पहिल्यांदाच बोलल्या, "कापणी जवळ आली की वाढतं यांचं." मग उलगडत गेलं: वादळात आडवी झालेली बाग, पीककर्ज, आणि जेवताना मोबाइलवर येणारा बऱ्हाणपूर बाजाराचा केळीचा भाव.

आम्ही कळ कधी येते याची वही ठेवली. जेवणाआधी पोटाने संथ श्वास, ताटावर मोबाइल नाही. कर्जाचा हिशेब त्यांनी भावासोबत बसून केला. माझ्या मते सर्वांत जास्त गुण त्याचाच आला. इतकी वर्षं ते ओझं एकट्याने वाहत होते. डॉक्टरांची औषधंही चालूच ठेवली. कळ पूर्ण गेलेली नाही, पण आता ते लग्नाला जातात आणि पंगतीत बसतात.

मात्र शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर तो ताणावर ढकलू नका. आधी डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नंतर या.