काळा झगा शिवून झाल्यावर

अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या व्हिटबी गावी गॉथ वीकेंडला, म्हणजे काळे कपडे आणि गूढ, उदास संगीत आवडणाऱ्यांच्या मेळ्याला जायचं ठरलं, काळा झगाही शिवून झाला, आणि आता गाणी कुठली ऐकू म्हणून विचारतेस! असू दे. बाउहाउस या बँडच्या ‘बेला लुगोसीज डेड’पासून सुरुवात कर. १९७९ सालचं, नऊ मिनिटांहून मोठं. काम करता करता नको, हेडफोन लावून नुसतं ऐक. आधी ड्रमच्या काठावरची टकटक आणि तिचे घुमत जाणारे प्रतिध्वनी, मग एकेक पायरी उतरल्यासारखा बेस. गायकाचा आवाज यायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. तेवढं थांबायला जमलं की पुढे सूझी अँड द बॅन्शीज, मग लीड्सचे सिस्टर्स ऑफ मर्सी, हे दोन बँड. लुगोसी म्हणजे पडद्यावरचा ड्रॅक्युला. १९५६ साली वारला, तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या पायघोळ झग्यासकट पुरलं होतं.

व्हिटबीत काळ्याभोर जेटचे दागिने दिसतील. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं ते लाकूड, जमिनीखाली दबून कोळशासारखं झालेलं. १८६१ साली नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने शेवटपर्यंत काळंच नेसलं, आणि सुतकातले दागिने म्हणून जेटला प्रचंड मागणी आली. खरा जेट हातात हलका आणि उबदार लागतो, बिनझिलईच्या चिनी मातीवर घासला की तपकिरी रेघ उठते. नकली काळी काच जड आणि गार. घ्यायचा तर पारखून घे, आणि तो कुणाच्या तरी दुःखासाठी घडवला जायचा हे मनात असू दे.

१९९ पायऱ्या चढून सेंट मेरी चर्चच्या आवारात जाशील. थडग्यांवर बसून फोटो काढू नकोस. गावातले लोक त्यावर चिडतात आणि त्यांचं बरोबरच आहे, ती कुणाची तरी माणसं आहेत. खाऱ्या वाऱ्याने अक्षरं झिजली आहेत, तरी वाचता येतील तेवढी वाच.

आणि एक, सगळ्यात महत्त्वाचं. जॉय डिव्हिजन हा बँडही ऐकशीलच. त्यांचा गायक इयन कर्टिस, त्याने १९८० साली, तेविसाव्या वर्षी जीव दिला. त्याभोवती लोक वलय उभं करतात, तू करू नकोस. त्याला फिट्स यायच्या, नैराश्य होतं, आणि मागे एक वर्षाची मुलगी राहिली. ती गाणी जिवंत माणसाने लिहिली, म्हणून ती मोठी आहेत. तुला कधी आतून अंधारून आलं, तर नुसती गाणी लावून पडून राहू नकोस. मला फोन कर, रात्री-अपरात्री कधीही. मी उचलेन.