आधी एकट्यानं जायचंय : नोकरीसाठी घरच्यांच्या पुढे निघालेल्यांचे प्रश्न

प्रश्न : मिरजेतली नोकरी सोडून १ डिसेंबरला चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रुजू होतोय. पत्नी आणि मुली (एक चौथीत, एक सातवीत) वार्षिक परीक्षा संपेपर्यंत मिरजेतच राहतील. आत्ताच फ्लॅट भाड्यानं घेऊन ठेवू का? हाताशी किती पैसे असावेत?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आत्ता फ्लॅट घेऊ नका. पहिले दोन महिने कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन) किंवा पीजीत काढा. एकटा माणूस घर बघतो तेव्हा ते कारखान्याच्या जवळचं बघतो. मे महिन्यात घरचे आले की कळतं, शाळेची बस तिथपर्यंत येत नाही आणि भाजी आणायला हायवे ओलांडावा लागतो. मग वर्षाच्या आत दुसरं घर, दुसरी दलाली, दुसरा टेम्पो.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टाइम ऑफिसमधून स्टाफ बसच्या मार्गांची यादी घ्या. कुठल्या थांब्यावर कुठल्या शिफ्टची बस किती वाजता येते, हे नीट लिहून घ्या. काही मार्गांवर बस फक्त पहिल्या आणि जनरल शिफ्टलाच असते आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला रात्री हायवेवर उभं राहावं लागतं. घर थांब्यापासून पायी दहा मिनिटांच्या आत असावं. नकाशावर मोशी ते चाकण दहा-बारा किलोमीटरच दिसतं, पण पुणे-नाशिक रस्त्यावर आणि चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी कंटेनरची रांग लागली की तासभर सहज जातो. म्हणून घर ठरवण्याआधी आपल्या शिफ्टच्या वेळेला तो रस्ता एकदा जाऊन-येऊन बघा. रविवारी दुपारी गाडी काढून बघण्याला काही अर्थ नाही.

साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारा. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. मुलींची सुट्टी रविवारी. त्यामुळे दर आठवड्याला मिरजेला जाऊ हा हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा रजा जोडून सलग दोन दिवस काढणं बरं. कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारखा एकदम ठरवून टाका. चाकणहून पुणे स्टेशन किंवा स्वारगेट गाठायला दोन तास हाताशी ठेवा.

जानेवारीत आधी शाळा बघा, मग तिच्या आसपास घर. मुली पाचवीत आणि आठवीत जाणार, हे सोयीचं आहे. बऱ्याच शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असल्यानं पुढच्या शाळांत या दोन इयत्तांना नव्या मुलांसाठी जागा निघतात. सीबीएसईची शाळा हवी असेल तर वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाची जूनच्या मध्यात. नव्या शाळेत प्रवेश पक्का झाल्यावरच जुन्या शाळेतून दाखला काढा. दाखला हातात आला तरी काम संपत नाही. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेनं मुलीचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकावं लागतं. त्याशिवाय नवी शाळा तिला आपल्या पटावर ऑनलाइन घेऊ शकत नाही. नेमकं हेच मे महिन्यात अडतं, कारण जुन्या शाळेचे गुरुजी सुट्टीवर असतात. मुलीचा पेन क्रमांक (त्या पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) लिहून घ्या आणि सुट्टी लागण्याआधी हे काम करून मागा. सरकारी किंवा अनुदानित शाळा पहिली ते आठवीचा प्रवेश दाखला उशिरा मिळतोय एवढ्या कारणावरून अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं.

घर बघताना पाण्याची चौकशी वॉचमनकडे करा, दलालाकडे नको. एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे दोन प्रश्न पुरेत.

आता करार. ‘नोटरी पुरे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) लेखी असावा लागतो आणि नोंदवावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च फार नाही. १८,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरा. एकूण भाडं १,९८,००० होतं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि येणाऱ्या रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे पाच-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटाचे पैसे वेगळे. मालक कुरकुरला तर ही रक्कम तुम्ही भरा, पण नोंदणी सोडू नका. गॅस, पासपोर्ट अशा कामांना पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो.

करारात पत्नी आणि मुलींची नावं पहिल्या दिवसापासून घाला, त्या तीन महिन्यांनी येणार असल्या तरी. नाहीतर सोसायटी तुम्हाला ‘बॅचलर’ धरते आणि गेटवर रोज प्रश्न. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची पोच मालकाकडून मागून घ्या. लॉक-इनची मुदत (जिच्या आत करार मोडता येत नाही) दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, तेही वाचा. बरेचदा ती फक्त भाडेकरूलाच बांधते.

पैशाचं म्हणाल तर डिपॉझिट ५०, दलाली १८ आणि पहिलं भाडं १८ मिळून ८६ हजार घरालाच जातात. त्यावर पीजी, येणं-जाणं, टेम्पो. जुन्या कंपनीची फुल अँड फायनलची (शेवटच्या हिशेबाची) रक्कम या हिशेबात धरू नका. ती आली की आली. दीड लाख बाजूला असल्याशिवाय घर बदलायला निघू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पीएफ काढून हा खड्डा बुजवू नका. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून खातं नव्या कंपनीकडे वळवा. जुन्या कंपनीतला यंदाचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोघंही करमाफीची मर्यादा वेगवेगळी धरतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम निघते.

प्रश्न : माझे पती पुण्यात गोदामात नोकरीला लागले, पगार सतरा हजार. मी सासू-सासरे आणि मुलांसह सोलापुरात आहे. आमचं रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे. त्यांचं धान्य बुडेल का? दवाखान्याचं काय?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : ताई, नुसतं गाव बदललं म्हणून धान्य बुडत नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे ते आपला वाटा पुण्यातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात आधारवर अंगठा लावून घेऊ शकतात, बाकीचा तुम्ही सोलापुरात घ्यायचा. अट एकच, कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झालेली हवी. त्यांची राहिली असेल तर ती पुण्याच्या दुकानातल्या मशीनवरही होते. नाव कमी करून घेऊ नका. परत चढवताना फार चकरा पडतात.

पगार २१,००० च्या आत आहे, म्हणून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असायला हवी. पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का, ते त्यांना बघायला सांगा. नोंदणी करताना कामगाराचा दवाखाना एक आणि कुटुंबाचा दुसरा निवडता येतो. घाईत एचआरवाला दोन्हीकडे पुणे टाकतो आणि सोलापुरात तुमचं मूल आजारी पडलं की कार्ड चालत नाही. कुटुंबासाठी सोलापूर टाकून घ्या, तिथे योजनेचं रुग्णालय आहे. तुमची, मुलांची आणि पतीवर अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांची नावं आधारसह चढली आहेत का, तेही आत्ताच तपासा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगावंसं वाटतं. घरचा सगळा कारभार पतींच्या मोबाइल नंबरवर असतो आणि तो नंबर आता पुण्यात आहे. सिलिंडर दारात आलं की डिलिव्हरीचा चार आकडी कोड मागतात, आणि तो त्यांच्या फोनवर आलेला असतो. ते कामावर असले आणि फोन लॉकरमध्ये असला की गाडी पुढे निघून जाते. गॅस, वीजबिल आणि शाळा या तिन्ही ठिकाणी तुमचा नंबर लावून घ्या. बँकेत मात्र नंबर बदलू नका, तुमच्या नावाचं वेगळं खातं काढून त्यात दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे वळते करून घ्या.

गॅसची जोडणी तुमच्याकडेच राहू द्या. पुण्यात त्यांना पाच किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. दिवाळीनंतर सगळेच पुण्याला हलावं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. बोर्डाचा फॉर्म शाळेमार्फत भरला जातो आणि अंतर्गत गुणही तीच शाळा देते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेपर्यंत त्याला तिथेच राहू द्या. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर एकाच पोर्टलवर होतात, म्हणून परभणीत बसूनच पुण्यातली कॉलेजं पसंतीक्रमात घालता येतील.

प्रश्न : मी बंगळुरूला रुजू होतेय, पती आणि मुलगा वर्षभरानं येतील. एमएच-१५ ची गाडी घेऊन जाऊ का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : पहिलं वर्ष गाडी नाशिकलाच ठेवा, तिथे मुलगा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि हे महिने गाडी तिथे पोचल्यापासून मोजतात. लवकर नेलीत तर मुदतही लवकर संपेल. नेताना फास्टॅगचा टोलचा उतारा जपून ठेवा, गाडी कधी आली याचा तो पुरावा.

कायमचं राहायचं ठरलं तर नाशिक आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला) काढा. त्याआधी थकलेली चलनं भरा आणि कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र घ्या, बहुतेकांचं काम इथेच अडकतं. कर्नाटकात रोड टॅक्स भरल्यावर महाराष्ट्रातल्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. तो आपोआप येत नाही, नव्या आरसीची आणि कर भरल्याच्या पावतीची प्रत जोडून नाशिकला अर्ज करावा लागतो. तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच मालिकेचा नंबर मिळतो का ते आधी बघा. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि पुढची बदली झाली तरी नंबर तोच राहतो.

मुलाला कर्नाटकात सीबीएसईच्या शाळेतही कन्नड शिकावी लागेल. हे वर्ष हाताशी आहे, त्यात त्याची अक्षरओळख नाशिकमध्येच सुरू करा.