ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॲक्शनमध्ये संशोधन म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही नागपुरात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहात, पुढे ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॲक्शनमध्ये (एचसीआय, म्हणजे माणसं कॉम्प्युटर आणि फोन कसे वापरतात याचा अभ्यास) जावंसं वाटतं, पण वर्गातली मुलं म्हणतात की बटणांचे रंग ठरवायला पीएचडी कशाला. मी एम.टेक.चा प्रकल्प याच विषयात, इथेच केला, म्हणून लिहिते.

नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीत एक निवृत्त काका राहतात. पेन्शन बघायचं ॲप त्यांच्या फोनवरून सारखं गायब व्हायचं. "बेटा, हे काऊन असं होऊन राहिलं? मी तं फक्त दाबतो." मुलगा चिडायचा, आणि काकांनी हळूहळू फोनला हात लावणंच सोडलं. एक दिवस मी त्यांच्या ओट्यावर शेजारी बसले आणि त्यांची परवानगी घेऊन फक्त अंगठ्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. घरी ते सावकाश चालवून पाहिलं तेव्हा कळलं. काका दाराची बेल दाबावी तसं दाबत होते, जवळपास एक सेकंद. फोन साधारण अर्ध्या सेकंदानंतर त्याला 'लाँग प्रेस' समजतो, मग चिन्ह सरकतं किंवा 'काढा' असा पर्याय येतो. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ही वेळ वाढवता येते. मी ती वाढवून दिली आणि ॲप जागेवर राहिलं. ज्यासाठी काकांनी कित्येक महिने स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं, ते दोन मिनिटांचं काम होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

खरं संशोधन इथून पुढे सुरू होतं. काकांचा अंगठा किती वेळ टेकतो हे फोनला आपलं आपण कळू शकतं का? कळू शकतं. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गायोस, वेल्ड आणि वॉब्रॉक यांनी 'सपल' या प्रणालीवर असंच काम केलं. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या माणसाकडून आधी क्लिक करणं, ओढणं, यादीतून निवडणं अशा छोट्या चाचण्या करून घ्यायच्या, आणि त्या मोजमापावरून त्याच्यापुरती स्क्रीनवरची वेगळी मांडणी तयार करायची. सर्वांसाठी एकच माप न धरता प्रत्येकाचं माप घ्यायचं, शिंप्यासारखं.

पण मशीनने स्वतःहून बदल करायचा की माणसाने? मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. २००४ साली फिंडलेटर आणि मॅकग्रेनेर या दोघी संशोधकांनी तीन प्रकारचे मेनू लोकांना वापरायला दिले: कधीच न बदलणारा, आपोआप बदलणारा आणि वापरणाऱ्याने स्वतः बदलायचा. आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा न बदलणाऱ्यावर काम लवकर झालं, आणि बहुतेकांची पसंती स्वतः बदलायच्या मेनूला मिळाली. घरातला मिठाचा डबा रोज कोणी हलवून ठेवला तर स्वयंपाक करणाऱ्याला कसं होतं, तसंच हे. काकांची सेटिंगसुद्धा मी त्यांना विचारून, दाखवूनच बदलली.

आपल्या भाषेतही भरपूर काम बाकी आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्ड वापरून बघा. व्यंजनावर बोट टेकवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते. मराठी माणूस अक्षर कसं जुळवतो, याचा विचार त्यात आहे.

प्रवेशाचं म्हणाल तर डिझाइनच्या बाजूने जायचं असेल तर सीईईडी ही डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्या. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॲक्शन डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आहे. कॉम्प्युटरच्या बाजूने जायचं असेल तर गेट. संख्याशास्त्र मात्र आत्तापासून पक्कं करा, प्रयोगाचे आकडे वाचता आले नाहीत तर अडतं.

आणि या रविवारी घरातल्या मोठ्या माणसाला एखादं रोजचं काम फोनवर करायला सांगा, वीजबिल बघणं वगैरे. शेजारी बसा, वही घ्या. ते कितीही अडखळले तरी फोन हातातून घेऊ नका, काय दाबलं आणि कुठे थांबले तेवढंच लिहा. ते पान इथे टाकलंत तर त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा ते मी सांगेन.