रीमिक्समधला चेहरा आणि उसने सूर

प्रश्न : एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या एका रचनेत चेहरा दडलेला आहे, असे मित्राने सांगितले. मी ती अनेकदा ऐकली, पण कर्कश आवाजापलीकडे काहीच सापडले नाही. त्याच्या रीमिक्समधली सॅम्पल्स, म्हणजे दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले तुकडे, तरी कशी ओळखावीत?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तो चेहरा कानांना सापडणारच नाही, कारण तो डोळ्यांसाठी ठेवलेला आहे. त्याच्या १९९९ च्या ‘विंडोलिकर’ या सिंगलमधील दुसऱ्या रचनेत साधारण साडेपाच मिनिटांनी तो कर्कश आवाज येतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आडवा काळ, उभी वारंवारता आणि उजळपणातून आवाजाची तीव्रता दाखवणारे चित्र, उघडावे. वारंवारतेची मोजपट्टी लॉगरिदमिक, म्हणजे समान अंतरावर समान पटीने वाढणारी, ठेवावी. एरवी चेहरा वेडावाकडा दिसतो.

रीमिक्सला मात्र कानच लागतात. २००३ च्या ‘२६ मिक्सेस फॉर कॅश’ या संग्रहात त्याने इतरांच्या गाण्यांची केलेली रीमिक्स आहेत आणि त्यांतल्या काहींत मूळ गाणे जवळजवळ उरलेलेच नाही. म्हणून आधी मूळ गाणे पाठ होईपर्यंत ऐकावे. त्यात नसलेले जे काही रीमिक्समध्ये येते, तिथून शोध सुरू होतो.

ड्रमचा तुकडा ओळखीचा वाटला, तर त्याचा वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र उतरवून पाहावे, कारण जुन्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, वेग वाढवला की पट्टीही चढत असे. ‘जंगल’ या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातले असंख्य ठेके असे उतरवले, की १९६९ च्या ‘अमेन, ब्रदर’ या रचनेत ड्रमवादक ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेल्या चार आवर्तनांपाशी, जेमतेम सात सेकंदांच्या वादनापाशी, येऊन थांबतात. कोलमन २००६ मध्ये वारले. या तुकड्याची रॉयल्टी त्यांना कधीच मिळाली नाही, आणि ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेली गाणी या कामी फार उपयोगी पडतात. ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मधली व्हायोलिनची तान ‘एक दूजे के लिए’ या १९८१ च्या चित्रपटातील ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातली आहे, हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल ऐकत वाढलेल्या कानाला सहज जाणवते.

तरीही चाल जुळली म्हणजे सॅम्पल सापडले, असे मानू नये. तीच चाल कोणी नव्याने वाजवलेली असू शकते. दोन्ही तुकडे एकाच वेगावर आणून शेजारी ठेवावेत. झांजेचा ओसरणारा नाद, वाद्याचा ओरखडा, मागची खरखर हेही जुळले, तरच ते मूळ ध्वनिमुद्रण समजावे.