रुबोंडोला पहिल्यांदाच जाताय? मग एवढं बघा

जरूर जा, पण सिंह बघायला नको. व्हिक्टोरिया सरोवरातल्या टांझानियाच्या या बेटावर ते नाहीतच. चिंपांझी आहेत. 1966 ते 1969 दरम्यान युरोपातून आणून सोडलेल्यांचे हे वंशज. जंगल इतकं दाट, की नुसता आरडाओरडा ऐकून परतायची वेळ येऊ शकते. नवखे लोक एका रात्रीत सगळं उरकायला बघतात आणि हिरमुसतात. दोन-तीन रात्री तरी ठेवाच.

बाकी मोजकंच:

- निळे-काळे कपडे घरीच ठेवा. त्से-त्से माश्या त्याच रंगांवर धावतात, म्हणून त्यांचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचे असतात. खाकी, जाड, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. पातळ कापडातून या माश्या सरळ चावतात.
- पाणी कितीही खुणावू दे, उतरायचं नाही. मगरी, पाणघोडे आणि वर बिल्हार्झिया, म्हणजे पाण्यातल्या परजीवी जंतांमुळे होणारा आजार.
- सर्दी-खोकला असेल तर चिंपांझींच्या वाटेला जाऊ नका. आपली सर्दी त्यांच्या जिवावर बेतते.
- प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात 2019पासून बंदी आहे.

आणि सिटाटुंगा हरीण चुकवू नका! लांब, फाकलेल्या खुरांवर ते दलदलीत आरामात चालतं. पहाटे लव्हाळ्यांच्या कडेला गप्प बसायचं. कॅमेऱ्याच्या लेन्सचं नंतर बघू, आधी दुर्बीण घ्या.