ठाण्यात मावशीकडे चार दिवस येतोय. मुंबईतल्या आजच्या चित्रकारांच्या आर्ट गॅलऱ्या कशा बघाव्यात? चित्रातलं काही कळत नाही, विकत घ्यायची ऐपत नाही, तर आत सोडतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडतात. खासगी गॅलऱ्यांनाही तिकीट नसतं. फार तर दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहायला सांगतात. मी नौपाड्यात राहते, गेली पंधराएक वर्षं महिन्यातला एक शनिवार यासाठी राखून ठेवते आणि आजवर एकही चित्र विकत घेतलेलं नाही. अगदी सुरुवातीला कुलाब्यात एका इमारतीच्या दारावर वॉचमनने "क्या काम है?" विचारलं आणि मी तशीच मागे फिरले. त्या प्रदर्शनाला मुकले याचं अजून वाईट वाटतं. "प्रदर्शन बघायचंय" एवढं म्हटलं असतं तर त्याने जिना दाखवला असता. तुम्ही तेवढं नक्की म्हणा.

दिवस निवडताना रविवार टाळा. आपल्या सेंट्रलला रविवारी बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो आणि बऱ्याच खासगी गॅलऱ्याही बंद असतात. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद. म्हणजे मंगळवार ते शनिवार. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरू द्या, साडेदहाच्या सुमारास ठाण्याहून फास्ट पकडा, तासाभरात सीएसएमटी. तिथून टॅक्सी करू नका. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौक आणि पुढे काळा घोडा, रमतगमत वीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यातही सावली मिळते.

सुरुवात जहांगीर आर्ट गॅलरीपासून करा. 1952 पासून ती तिथे आहे, प्रवेश फुकट, आणि तिथे बुजायला होत नाही, कारण कॉलेजची मुलं, पेन्शनर, उन्हातून टेकायला आलेले लोक असे सगळेच आत असतात. तिची पद्धत समजून घ्या म्हणजे बघायला मजा येईल. इथले हॉल चित्रकार स्वतः भाड्याने घेतात, साधारण आठवड्यासाठी. त्यासाठी कित्येक वर्षं आधी अर्ज करून नंबर लागायची वाट बघावी लागते. त्यामुळे चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोलायचं. मला जे काही थोडंफार कळतं ते मी अशा खुर्च्यांशेजारी उभं राहून शिकले.

एकदा सांगली भागातले एक चित्रकार होते. मोठाले कॅनव्हास, सगळे मातकट-हिरवट, त्यावर एकात एक गुंतलेल्या अर्धवर्तुळाकार रेघा. मला ते नुसतं डिझाइन वाटलं. मी म्हटलं, "सर, हे कसं केलंत?" ते उठले. रंगाचा जाड थर ओला असतानाच चार बोटांनी ओढलाय, म्हणाले, आणि स्वतःचा हात कॅनव्हाससमोर हवेत फिरवून दाखवला, खांद्यापासून, डावीकडून उजवीकडे. आणि मला एकदम आजोळची पडवी दिसली. आजी शेणाने जमीन सारवायची तेव्हा हात जिथवर पुरेल तिथवर एक कमान, मग बूड सरकवून पुढची कमान. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक कमानीच्या टोकाला रंगाची बारीक कड उभी राहिली होती, सारवण वाळल्यावर राहते तशीच. ते म्हणाले, "आईचा हात आहे हा." मी त्या एका चित्रासमोर अर्धा तास होते.

जहांगीरहून बाहेर पडलात की फुटपाथवरची चित्रंही बघा, घाईने पुढे जाऊ नका. मग रीगल सिनेमाच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. इथे तिकीट आहे, पण किरकोळ. इमारत मूळची सर कावसजी जहांगीर सभागृहाची, 1996 पासून इथे संग्रहालय आहे. आतली रचना गंमतीची आहे. अर्धगोलाकार सज्जे एकावर एक चढत जातात आणि सगळ्यात वर घुमटाखाली आपण पोचतो. चढताना मध्येच खाली वाकून बघायचं, मघाशी जवळून पाहिलेलं चित्र वरून निराळंच दिसतं.

ठाण्याला येताय म्हणून एक मुद्दाम सांगते. सुधीर पटवर्धन हे आजच्या भारतीय चित्रकलेतलं फार मोठं नाव, आणि ते आमच्या ठाण्याचे. पेशाने रेडिओलॉजिस्ट. 2005 पर्यंत इथे प्रॅक्टिस करत करत चित्रं काढली. 2019-20 मध्ये याच संग्रहालयात त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन झालं होतं. मी तीनदा गेले. रेल्वेचे पूल, इराणी हॉटेलात बसलेला माणूस, अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती, लोकलमधली थकलेली शरीरं. जे मी रोज बघते आणि बघत नाही, ते इतक्या आदराने कुणी रंगवलंय हे पाहून माझे डोळे भरून आले होते. आजची कला म्हणजे आपल्याला न कळणारं काहीतरी, ही माझी समजूत त्या जिन्यावर गेली. त्यांची चित्रं कुठे लागलेली दिसली तर सोडू नका.

आता खासगी गॅलऱ्या. जहांगीरसारखं भाड्याचं गणित इथे नसतं. गॅलरी ठरावीक चित्रकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करते, प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं आणि विक्रीतला वाटा गॅलरी घेते. फोर्टमध्ये 'केमोल्ड प्रेस्कॉट रोड' नावाची गॅलरी आहे. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी ती 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली. मूळ धंदा चित्रांच्या फ्रेमचा, 'केमिकल मोल्डिंग'चं झालं केमोल्ड. 2007 मध्ये ती आताच्या जागी आली. घाटकोपरचे अतुल दोडिया, ज्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली (शटर वर केलं की मागे दुसरं चित्र), त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन 1989 मध्ये केमोल्डनेच भरवलं होतं. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्ल्यांत झवेरी कंटेम्पररी, मिरचंदानी + स्टाइनर्युके आहेत. पुढे प्रोजेक्ट 88 आहे, जुन्या छापखान्याच्या जागेत.

या सगळ्या जुन्या इमारतींत आहेत, पाटी लहान, कधी लाकडी जिना, दार बंद. बेल वाजवायची. आत कमालीची शांतता असते, एखादी मुलगी कॉम्प्युटरवर काम करत बसलेली असते, मान वर करून हसते आणि परत कामाला लागते. ही तिथली रीत आहे, तुम्हाला कमी लेखणं नाही. टेबलावर एक छापील कागद असतो, त्यात कलाकाराने काय केलंय ते लिहिलेलं असतं. तो आधी वाचू नका. एक फेरी मारा, जिथे पाय थांबेल तिथे थांबा, मग कागद वाचून दुसरी फेरी. बहुतेक कागद इंग्रजीत आणि अवघड असतात. नाही समजला तर त्या मुलीला सरळ मराठीत किंवा हिंदीत विचारा. मी विचारते, आणि त्या फार मनापासून सांगतात. फोटो काढण्याआधी मात्र विचारा, आणि पाठीवरची सॅक पुढे घ्या.

एका दिवसात तीन किंवा चार, त्याहून जास्त नको. पाचव्या ठिकाणी डोळे नुसते भिंतीवरून घसरतात.

दुसऱ्या दिवसासाठी भायखळा ठेवा. फास्ट लोकल तिथे थांबते, राणीच्या बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं. एकोणिसाव्या शतकातल्या कपाटांशेजारी, मातीच्या बाहुल्यांशेजारी आजच्या कलाकारांची कामं मांडण्याची प्रथा त्यांनी पाडली. बुधवारी बंद असतं, आणि निघण्यापूर्वी सुरू आहे ना ते एकदा बघून घ्या.

ठाण्यातच थांबायचं झालं तर कापूरबावडीला महापालिकेचं कला भवन आहे. तिथे स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं लागतात. जहांगीरची सर नाही, पण चित्रकार तिथेही खुर्ची टाकून बसलेला असतो. आणि मावशींचं घर पोखरण रोडच्या बाजूला असेल तर संध्याकाळी येऊरच्या डोंगराकडे तोंड करून थोडं उभे राहा. 'पोखरण' नावाचं पटवर्धनांचं एक चित्रच आहे.